खोडकिड्याचा नैसर्गिक शत्रू : ट्रायकोग्रामा

लाकडी पलंगाच्या पायाशी एखाद्या सकाळी पिठासारख्या बारीक भुशाची लहानशी रास दिसते, तेव्हा लाकडाच्या पोटात भुंगेऱ्याच्या अळीने घर केल्याचे घरच्या मंडळींना कळते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात लाकूड पारखणाऱ्यांना ही रास काही नवीन नाही. याच शहराच्या आग्नेयेस अंबरनाथ आणि बदलापूर ओलांडून वांगणीच्या बाजूस निघाले की उल्हास नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे लागतात. तेथे श्रावणाच्या सुमारास हिरव्यागार चुडात मधलीच एखादी सुरळी पिवळी पडून सुकलेली आढळते. ती हलकेच ओढली तर विनासायास हातात येते. तिच्या बुडाशी कुरतडल्याची खूण असते. शेतकरी यास गाभामर म्हणतात. कोकणात आंब्याच्या जुन्या झाडास भिरूड लागते, तेव्हाही खोडावरील छिद्रातून असाच भुसा बाहेर पडत असतो.

पलंग, आंबा आणि भात या तिन्ही ठिकाणी शत्रूची जात निराळी आहे. पहिल्या दोहोंतील कीड भुंगेरावर्गातील, तर भाताचा खोडकिडा हा पतंगवर्गातील. तिघांची रीत मात्र एकच. बाहेरून दिसावयाचे नाही, आत शिरून पोखरावयाचे आणि नुकसान लक्षात येईल तोवर आपले काम उरकून घ्यावयाचे. फवारलेले औषध पानावर किंवा सालीवर राहते आणि अळी आत सुखरूप असते. आंब्याच्या भिरुडासाठी बागाईतदार छिद्रात तार घालून अळी काढतात अथवा औषधाचा बोळा कोंबून चिखलाने तोंड लिंपतात. एका झाडाबाबत हे शक्य आहे. भाताची लावणी २० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर केली तर एका एकरात लाखाहून अधिक चूड उभे राहतात आणि प्रत्येक चुडाला अनेक फुटवे असतात. तेथे तार कोठे कोठे घालणार?

या प्रश्नाचे एक उत्तर निसर्गानेच तयार ठेवले आहे. ते समजून घेण्यासाठी प्रथम खोडकिड्याची दिनचर्या पाहावी लागेल.

उघड्यावरचे काही दिवस

भाताच्या पिवळ्या खोडकिड्याची मादी पिवळसर रंगाची असून तिच्या पुढील प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. ती रात्री संचार करते आणि दिव्याकडे ओढली जाते. पानाच्या शेंड्याजवळ ती पुंजक्याने अंडी घालते आणि आपल्या अंगावरील तांबूस पिवळ्या केसांनी तो पुंजका झाकून टाकते. पाच ते आठ दिवसांत अंडी फुटतात. बाहेर पडलेल्या चिमुकल्या अळ्या रेशमी धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर शेजारच्या चुडांवर पसरतात आणि थोड्याच वेळात खोडात शिरतात. त्यानंतर सुमारे तीन ते चार आठवडे त्या आतील गाभा खात राहतात व खोडाच्या बुडाशी कोषात जातात. एका हंगामात अशा अनेक पिढ्या होतात.

फुटवे येण्याच्या काळात अळी शिरली तर गाभामर होते. पीक जोमदार असेल तर नवे फुटवे येऊन ही हानी बऱ्याच अंशी भरून निघते. पोटरीच्या अवस्थेत अळी शिरली तर मात्र लोंबी बाहेर पडते ती पांढरी, ताठ आणि रिकामी. तिलाच पळींज म्हणतात. पळींज भरून निघत नाही. चार महिन्यांचे कष्ट, खत आणि मजुरी खर्ची पडल्यानंतर हाती येणारी ती केवळ पेंढ्याची काडी असते. दुरून पाहणाऱ्याला खाचर लवकर पिकल्याचा भास होतो, इतकेच.

या सर्व जीवनक्रमात किडीची एकच अवस्था अशी आहे की, ती जागची हलू शकत नाही आणि खोडात लपलेलीही नसते. ती म्हणजे अंडे. शत्रूला उंबरठ्यावर गाठावयाचे असेल तर हे पाच ते आठ दिवसच काय ते हाती असतात. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी नेमके हेच साधते.

अंड्यात अंडे

गांधीलमाशी या शब्दाने कोणी दचकण्याचे कारण नाही. ट्रायकोग्रामाची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे ती खसखशीच्या दाण्याहूनही लहान असते. ती माणसाला किंवा जनावराला चावत नाही आणि पिकाला तोंड लावीत नाही. तिला हवी असतात ती पतंगांची अंडी. अंडे सापडले की मादी त्यावर चालत जाऊन शृंगिकांनी ते चाचपते. त्याच्या आकाराचा अंदाज घेऊन आत आपली किती संतती वाढू शकेल ते ठरविते आणि मग अंड्याच्या कवचाला बारीक छिद्र पाडून आपली अंडी आत सोडते. तिची अळी आतील सर्व द्रव्य खाऊन टाकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेरचे अंडे काळे पडते आणि आठ ते दहा दिवसांत खोडकिड्याच्या अळीऐवजी त्यातून ट्रायकोग्रामा बाहेर येते. उवा अथवा गोचीड यांसारखे परजीवी यजमानाला जिवंत ठेवून त्याच्यावर पोसले जातात. येथे यजमान मरतोच, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

या कीटकाच्या अनेक जाती आहेत आणि त्या परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत. उसावरील खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस वापरतात. भातासाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम ही जात अधिक उपयोगी ठरते, कारण भाताच्या खोडकिड्याच्या पुंजक्यावरील केसांच्या आवरणातून वाट काढणे तिला जमते. तरीदेखील ढिगाच्या अगदी तळाची अंडी तिच्या तावडीतून सुटतात. शेतात निसर्गतः वावरणारी टेलेनोमस ही दुसरी गांधीलमाशी याबाबत अधिक धूर्त म्हटली पाहिजे. ती खोडकिड्याच्या मादीच्या शेपटाकडील केसांत बसून प्रवास करते आणि मादी अंडी घालू लागली की केसांचे पांघरूण पडण्यापूर्वीच आपला कार्यभाग उरकते. फुकटात मिळणारे हे साहाय्य अवेळी केलेल्या एका फवारणीने नाहीसे होते, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

प्रयोगशाळेतील शेती

शेतात लाखोंच्या संख्येने ट्रायकोग्रामा सोडावयाच्या तर त्या प्रथम वाढवाव्या लागतात. त्यासाठी खोडकिड्याची अंडी मिळविणे अवघड व खर्चाचे असते. म्हणून धान्याच्या कोठारात आढळणाऱ्या एका सामान्य पतंगाची मदत घेतली जाते. त्याचे नाव कोर्सायरा, म्हणजे तांदळातील पतंग. ज्या किडीने गृहिणीचे तांदूळ जाळीदार व कडवट होतात, तिलाच येथे जाणीवपूर्वक खाऊ घालून पोसले जाते.

भरडलेली ज्वारी किंवा बाजरी उष्णतेने निर्जंतुक करून पेट्यांत अथवा टोपल्यांत भरतात. प्रत्येकीत साधारणतः अडीच किलो भरडा, त्यात शेंगदाण्याचा कूट, यीस्ट, थोडे गंधक आणि बुरशी व जिवाणूंपासून बचाव करणारे औषध मिसळले जाते. त्यावर कोर्सायराची अर्धा घनसेंटिमीटर अंडी पसरून पेटी कापडाने बंद करतात. अळ्या भरड्यात जाळी विणून वाढतात आणि सुमारे ४० दिवसांनी पतंग निघू लागतात. ते रोज गोळा करून जाळीच्या तळाच्या भांड्यात ठेवले की अंडी जाळीतून खाली पडतात. चाळून आणि पाखडून ती स्वच्छ केली जातात. एका घनसेंटिमीटरमध्ये अशी सुमारे १६ ते १८ हजार अंडी मावतात.

या अंड्यांतून पुन्हा कोर्सायराच्याच अळ्या निघाल्या तर सर्व श्रम वाया जातील. यास्तव त्यांवर सुमारे पाऊण तास अतिनील किरण सोडतात. त्यामुळे आतील गर्भ मरतो, परंतु अंडे ट्रायकोग्रामासाठी ताजे राहते. मग जाड कागदाच्या कार्डावर डिंकाचा पातळ थर देऊन त्यावर ही अंडी भुरभुरतात आणि ते कार्ड ट्रायकोग्रामा असलेल्या बरणीत किंवा पिशवीत ठेवतात. एका जुन्या कार्डावरील माशा अशा सहा नव्या कार्डांना पुरतात. अंडी काळी पडली की ट्रायकोकार्ड तयार झाले. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. ते फाडून वापरता यावे म्हणून त्यावर पट्ट्या आखलेल्या असतात.

वाचताना हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात ते दुग्धव्यवसायासारखे आहे. एक दिवसही खाडा चालत नाही. पतंगांच्या पंखांवरील भुकटीने काम करणाऱ्यांना खोकला व दम्याचा त्रास होतो, म्हणून नाकातोंडावर फडके बांधावे लागते. भरड्यात कोळी शिरले तर अंडी फस्त होतात. सर्वांत मोठा उपद्रव मात्र ब्रॅकॉन नावाच्या दुसऱ्या एका गांधीलमाशीचा. ती कोर्सायराच्या अळ्यांवर जगते. शेतात तीही मित्रकीटकच, परंतु प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत आली की पेट्याच्या पेट्या रिकाम्या करते. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या कोर्सायराच्या अंड्यांवर वाढलेली ट्रायकोग्रामा सुस्त होते आणि शेतातील खऱ्या यजमानाचा शोध घेण्यात कमी पडू लागते. म्हणून अधूनमधून शेतातून नवे बीज आणून मिसळावे लागते. कार्डाचा दर्जा त्याच्या रंगावरून सर्वस्वी कळत नाही, तो असा मागच्या काळजीवर अवलंबून असतो.

एकदा सोडावयाचे आणि पुनःपुन्हा सोडावयाचे

भारतात या शास्त्राचे पद्धतशीर काम १९५७ साली बंगळूर येथे राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र सुरू झाल्यापासून वाढीस लागले. १९७७ मध्ये अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प आकारास आला. बंगळूर येथीलच राष्ट्रीय कृषी कीटक संपदा ब्युरो आज या कार्याचे केंद्रस्थान आहे. पुण्याचे कृषी महाविद्यालय या समन्वित प्रकल्पात सहभागी आहे.

परदेशातून आलेल्या किडीविरुद्ध आणि येथल्याच मुरलेल्या किडीविरुद्ध मित्रकीटक वापरण्याच्या पद्धतींत मोठा भेद आहे. तो न कळल्यामुळे शेतकऱ्यांची निराशा होते. पपईवरील पिठ्या ढेकूण हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण. ही कीड २००८ मध्ये कोइमतूर परिसरात आढळली व नंतर महाराष्ट्रातील पपईच्या बागांपर्यंत पोचली. मध्य अमेरिकेकडून आलेल्या या किडीबरोबर तिचे नैसर्गिक शत्रू आलेले नव्हते. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून ॲसिरोफॅगस पपयी ही चिमुकली गांधीलमाशी आणून वाढविण्यात आली आणि ठिकठिकाणी सोडण्यात आली. ती येथे रुजली, स्वतःच पसरली आणि किडीचा जोर ओसरला. अशा वेळी माशी एकदा स्थिर झाली की तिचे काम आपोआप चालू राहते.

खोड पोखरणाऱ्या परदेशी भुंगेऱ्यांविरुद्ध अमेरिकेत हाच मार्ग अवलंबिला जात आहे. पूर्व आशियातील एक हिरवा, चकाकणारा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइट शहराजवळ सापडला. त्याच्या अळ्या ॲश वृक्षाच्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात. त्यांनी कोट्यवधी झाडे वाळविली. शास्त्रज्ञांनी या भुंगेऱ्याच्या मूळ प्रदेशातून त्याचे शत्रू शोधून आणले आणि २००७ पासून ते जंगलात सोडण्यास प्रारंभ केला. त्यांपैकी ओबियस ही ट्रायकोग्रामाप्रमाणेच अंड्यांवर जगणारी आहे. सालीच्या फटीत दडविलेली भुंगेऱ्याची अंडी ती हुडकून काढते. बाकीच्या सालीखालील अळीपर्यंत पोचतात. त्यांना वाढविण्यासाठी अळ्यांसह ॲशचे ओंडकेच प्रयोगशाळेत बाळगावे लागतात. ज्वारीच्या भरड्यावर भागणारे आपले काम त्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे.

भाताचा खोडकिडा हा मात्र येथलाच, आणि त्याचे शत्रूही येथलेच. अडचण एवढीच की हंगामाच्या आरंभी शत्रूंची संख्या अल्प असते आणि ती वाढेपर्यंत किडीची एक पिढी खोडात शिरलेली असते. ट्रायकोकार्ड ही उणीव तेवढ्या काळापुरती भरून काढते. म्हणून ते दर हंगामात, आणि एका हंगामात अनेकदा, लावावे लागते. गेल्या वर्षी कार्डे लावली होती, यंदा पुन्हा कशाला, हा प्रश्न पपईच्या बाबतीत रास्त ठरेल. भाताच्या बाबतीत तो गैरसमजाचा आहे.

उल्हास खोऱ्यातील हंगाम

लावणीनंतर सुमारे ३० दिवसांनी आरंभ करून सात ते दहा दिवसांच्या अंतराने प्रत्येक वेळी हेक्टरी ५० हजार ते १ लाख ट्रायकोग्रामा सोडाव्यात, अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी प्रत्येक वेळी एक ते दोन कार्डे पुरतात. कार्डाच्या पट्ट्या सकाळी किंवा सायंकाळी पानाच्या खालील बाजूस टाचाव्यात. ही माशी फार दूर उडत नाही. तेव्हा सर्व पट्ट्या बांधावरच लावून परतणे म्हणजे खाचराचा मध्यभाग खोडकिड्याला आंदण देणे होय. आठ-दहा पावलांवर एक पट्टी असावी.

अंबरनाथ तालुक्यात ऑगस्टमधील पाऊस ही खरी अडचण आहे. मुसळधार सरीत उघडी पट्टी भिजून अंडी धुऊन जातात. काठीला उलटा टांगलेला लहान पेला आणि त्याच्या आत पट्टी, हा साधा उपाय यावर चालतो. उघडीप पाहून पट्ट्या लावणे त्याहून चांगले. कार्ड आणताना ते दुचाकीच्या तापलेल्या डिकीत किंवा भर उन्हात ठेवू नये. सुमारे १० अंश तापमानात ते थोडे दिवस रोखून धरता येते, परंतु माशा निघण्याची तारीख कार्डावर लिहिलेली असते आणि ती लांबविण्यास मर्यादा असते. पट्टी लावण्याच्या आधी व नंतर किमान आठवडाभर त्या शेतात कीटकनाशक फवारू नये. शेजाऱ्याने फवारले तरी वाऱ्याबरोबर येणारा तुषार अर्ध्या मिलिमीटरच्या जिवाला पुरेसा असतो. यामुळेच हे काम एकट्या शेतकऱ्याचे राहत नाही. पाच-दहा एकरांचा सलग पट्टा धरून, बांधास बांध लागून असलेल्या सर्वांनी एकाच सुमारास ते केले तरच त्याचा गुण येतो.

येथे पाण्याचाही प्रश्न आहे. या खाचरांचे पाणी ओहोळांवाटे उल्हास नदीला मिळते आणि त्याच नदीचे पाणी उचलून खालच्या शहरांना पुरविले जाते. खोडकिड्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेटचे दाणेदार औषध देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले आहे. ते बंद झाले म्हणजे त्याची जागा दुसऱ्या तितक्याच जहाल औषधाने भरून काढावी, असा त्याचा अर्थ नव्हे.

तथापि ट्रायकोकार्ड हा जादूचा कागद नाही. गाभामर पाच टक्क्यांवर गेली असेल तर अळ्या आधीच आत पोचलेल्या असतात. त्यांना ही माशी काही करू शकत नाही. त्या वेळी सहायक कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने योग्य औषध वापरावे लागेल. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करणे, कामगंध सापळ्यांनी पतंगांवर नजर ठेवणे, नत्रखताचा अतिरेक टाळणे या गोष्टी जोडीला हव्यातच. शेंडे खुडण्याने अंडीपुंज राबातून खाचरात जातच नाहीत, हा बिनखर्ची उपाय सर्वांत दुर्लक्षित आहे.

शाळांना यात एक वेगळे काम करता येईल. आलेल्या प्रत्येक खेपेतील कार्डाचा बोटाएवढा तुकडा काचनळीत घालून तोंडाशी कापसाचा बोळा बसवावा आणि ती वर्गात सावलीत ठेवावी. भिंगातून विद्यार्थ्यांना काळी अंडी व पांढरी अंडी मोजता येतात. शंभरांत नव्वदच्या आसपास काळी असावीत. ठरल्या तारखेस नळीच्या उजेडाकडील बाजूस हलणारे ठिपके जमतात आणि रिकाम्या अंड्यांवर गोल छिद्रे दिसतात. ती न दिसल्यास ती खेप निकामी समजून गावाने त्याच दिवशी कळवावे, म्हणजे पुढची खेप तरी वाया जाणार नाही.

सर्वांत अधिक चूक होते ती मागणीच्या वेळेबाबत. गाभामर दिसू लागल्यावर ग्रामपंचायतीचे पत्र निघते. परंतु वरील हिशेब उलटा मांडून पाहावा. १० जुलैच्या सुमारास लावणी झाली तर पहिले कार्ड १० ऑगस्टच्या आसपास खाचरात हवे. कार्डावरील अंडी काळी पडून ते गावी पोचण्यास आठवडा धरला, तर कोर्सायराची अंडी ऑगस्टच्या आरंभी तयार हवीत. त्यांचे पतंग निघण्यास ४० दिवस लागतात, म्हणजे ज्वारीचा भरडा २० जूनपूर्वीच पेट्यांत पडलेला असला पाहिजे. तेव्हा गावात राबाची पेरणी नुकतीच आटोपलेली असते आणि खोडकिड्याची कोणाला आठवणही नसते. किती एकरांसाठी किती कार्डे लागतील, हा आकडा महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ठरून मे महिन्यातच तालुका कृषी कार्यालयाकडे गेला पाहिजे. स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत ठराव केला तर त्या वर्षीच्या भातासाठी त्याचा उपयोग नाही.

कापणी झाल्यावरही एक काम उरते. शेवटच्या पिढीच्या अळ्या धसकटात दडून राहतात. म्हणून कापणी जमिनीलगत करावी, आणि जेथे भातामागून वाल घ्यावयाचा नाही तेथे लगेच नांगरट करून धसकटे वेचून काढावीत. वाल पेरावयाचा असेल तेथे कापणी होईल तितकी खाली धरणे, एवढेच शक्य असते.